आधी झाकण, मग हीटर

लोणावळा, कर्जत, इगतपुरी, पाचगणी या पट्ट्यात बंगला म्हटला की पूल आलाच, असं आता झालं आहे. तरीही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं नेमकं तेव्हा, त्या निळ्याशार पाण्यात कोणी उतरत नाही. मुलं पायरीवर बसून पाय बुडवतात, किंचाळतात आणि पुन्हा क्रिकेटकडे वळतात. सोमवारी मालक पूलवाल्याला फोन करतो, ‘‘हीटर बसवायचाय. किती किलोवॅटचा लागेल?’’ प्रश्न योग्यच आहे, पण त्याचा नंबर तिसरा किंवा चौथा लागतो. पहिला प्रश्न असा, की दुपारी ऊन रणरणतं, अंगात स्वेटर ठेववत नाही, तरी पाणी एवढं गार का?

गावाकडे थंडीत विहिरीत उड्या मारलेल्यांना हा प्रश्न जास्तच पडतो. त्यांची आठवण उलटी असते. पहाटे बाहेर कुडकुडायला होतं आणि विहिरीचं पाणी मात्र कोमट लागतं. याचं कारण विहीर जमिनीच्या पोटात असते. काही मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. त्या जागेच्या वार्षिक सरासरीजवळ राहतं, म्हणजे आपल्याकडे साधारण पंचविशीच्या आसपास. शिवाय विहिरीचं तोंड लहान, पाणी खोल आणि वारा आत पोचत नाही. पुलाचं सगळंच याच्या उलट. खोली जेमतेम सव्वा मीटर, पसारा मोठा, वर मोकळं आकाश आणि दरीकडून येणारा वारा.

या प्रकरणात आपण एकच पूल हिशेबाला घेऊ. लांबी आठ मीटर, रुंदी चार, सरासरी खोली सव्वा. म्हणजे ४० घनमीटर, ४०,००० लिटर पाणी. हे सगळं पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४६ युनिट उष्णता लागते. (विजेचं एक युनिट सगळंच्या सगळं उष्णतेत बदललं तर ८६० लिटर पाणी एक अंशाने वर जातं, पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा आहे.) २२ अंशांवरून २८ वर न्यायचं तर सहा अंश, म्हणजे सुमारे २८० युनिट. हा झाला पाणी एकदा तापवण्याचा खर्च. मालकाला खरा घाम फोडतो तो दुसरा खर्च, तापलेलं पाणी रोज थंड होतं त्याचा.

पूल थंड होतो तो मुख्यतः माठासारखा, बाष्पीभवनाने. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा जाताना जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणजे मागे उरलेलं ५८० लिटर पाणी एका अंशाने उतरतं. आपल्या पुलाचं तोंड ३२ चौरस मीटरचं. कोरड्या थंडीत, थोडा वारा असताना, कोमट पाण्याची पातळी दिवसात पाच मिलिमीटरने खाली गेली तर डोळ्यांना दिसतही नाही. पण ते पाच मिलिमीटर म्हणजे १६० लिटर, आणि त्यासोबत उडून गेलेली उष्णता शंभर युनिटच्या वर. पूल रोज दोन अंशांहून अधिक उतरतो तो एवढ्यानेच. रात्री निरभ्र आकाशाकडे होणारं उष्णतेचं उत्सर्जन आणि गार हवेचा स्पर्श याला जोडून येतात, तरी बाष्पीभवनापुढे ते किरकोळ. उघड्यावरच्या पुलाची सुमारे ७० टक्के उष्णता बाष्पीभवनातच जाते, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं मार्गदर्शन सांगतं. तळातून आणि भिंतींतून जमिनीत जाणारी उष्णता त्या मानाने फारच थोडी. म्हणून पुलाच्या भिंतींना इन्सुलेशन करा असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नकार द्यावा आणि तेच पैसे झाकणाला लावावेत.

झाकण म्हणजे काही फार मोठं यंत्र नव्हे. सर्वांत साधं म्हणजे बबल कव्हर, पार्सलमध्ये येतं त्या फुगेरी प्लॅस्टिकचा जाड, उन्हात टिकणारा भाऊबंद. फुग्यांची बाजू खाली, पाण्याला टेकवून पसरायचं. पाणी आणि हवा यांच्यात पडदा आला की बाष्पीभवन जवळपास थांबतं. नियमित झाकणाऱ्या पुलाचा तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असं तेच खातं सांगतं. आपल्याकडे आणखी एक फायदा आहे. हिवाळ्यात आपलं आकाश स्वच्छ असतं. सपाट जागेवर दिवसाला चौरस मीटरमागे साडेचार-पाच युनिट ऊन पडतं. म्हणजे ३२ चौरस मीटरचा पूल स्वतःच एक मोठं सौर उपकरण आहे. रोज शंभर युनिटच्या घरात उष्णता तो फुकट घेतो आणि रात्री परत देऊन टाकतो. पारदर्शक किंवा फिकट निळं झाकण ते ऊन आत येऊ देतं. जाड, अपारदर्शक झाकण रात्री जास्त उबदार, पण दिवसा पसरून ठेवलं तर ऊन अडवतं. बंगला आठवडाभर बंद राहत असेल तर पारदर्शक घ्यावं, असं माझं मत.

झाकण असलं तरी ते पसरलं जात नाही, ही खरी अडचण. आठ बाय चारचं ओलं प्लॅस्टिक एकट्या केअरटेकरला ओढता येत नाही. ते कोपऱ्यात गोळा होऊन पडतं, त्यावर पालापाचोळा साचतो आणि दुसऱ्या वर्षी ते भंगारात जातं. तेव्हा झाकणासोबत गुंडाळायचा रोलर घेतलाच पाहिजे. रोलरशिवाय झाकण म्हणजे विकत घेतलेला कचरा. आणि एक ताकीद, जी विक्रेते बारीक अक्षरात देतात: बबल कव्हर माणसाचं वजन पेलत नाही. लहान मूल त्यावर पाय ठेवून गेलं तर ते खाली ओढलं जातं आणि वरून काहीच दिसत नाही. अर्धवट झाकलेल्या पुलात कोणालाही उतरू द्यायचं नाही. पोहायचं तर झाकण पूर्ण काढून.

आता इन्फिनिटी पूल. दरीच्या कडेला, काठावरून पाणी ओसंडून खाली पडतं, फोटोत ढगात मिसळतं. फोटो सुंदरच येतो, पण उष्णतेच्या हिशेबात हा प्रकार महाग. ओसंडणाऱ्या पातळ थराचं पृष्ठफळ मोठं, त्यावर दरीचा वारा, आणि खाली बॅलन्सिंग टँकमध्ये पडेपर्यंत ते पाणी चांगलंच गार झालेलं असतं. असा पूल तापवायचा तर रात्री ओव्हरफ्लो बंद ठेवून तळाच्या ड्रेनमधून पाणी फिरवता येईल अशी व्हॉल्व्हची रचना हवी. बांधतानाच ती केली तर चार जोडांचं काम. नंतर करायची तर फरशी फोडावी लागते.

वाऱ्याच्या बाजूला माणसाच्या उंचीची भिंत किंवा दाट कुंपण लावलं तरी फरक पडतो. दरीकडच्या बाजूला मात्र ते कोणी लावणार नाही, हे मला माहीत आहे.

पाणी किती गरम हवं, याचं उत्तर घरातल्या सगळ्यांचं सारखं नसतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम २५ ते २८ अंश सांगतात, कारण जोरात पोहणारं शरीर स्वतःच उष्णता तयार करतं. पाण्यात नुसतं उभं राहून गप्पा मारणाऱ्यांना आणि मुलांना २९-३० लागतं. आजीच्या गुडघ्यांसाठी ३२ मागितलं जातं. हे आकडे जवळजवळचे वाटतात, पण पाणी जसजसं हवेपेक्षा गरम होतं तसतसा बाष्पीभवनाचा वेग चढत जातो. वरचा प्रत्येक अंश खालच्यापेक्षा महाग पडतो. बहुतेक घरांना २८ पुरतं. ३२ हवंच असेल तर मोठा पूल तापवण्यापेक्षा शेजारी दीड-दोन हजार लिटरचा छोटा टब करावा आणि तो तापवावा.

यानंतर साधनांची निवड. निसर्गाने कोकणाला ही सोय गरम पाण्याच्या झऱ्यांतून फुकट दिली आहे. पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वराकडची आरवली, तुरळ, राजवाडी, इकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी. आपल्या बंगल्याखाली झरा नसल्यामुळे वीज, गॅस, ऊन आणि हवा यांतूनच निवड करावी लागते. कोणीतरी मोठा बंब बसवू असंही सुचवतं. चाळीस हजार लिटरला सहा अंश चढवायला शंभर-सव्वाशे किलो सुकं जळण लागेल, एवढं सांगितलं की विषय संपतो.

विजेचा साधा हीटर, म्हणजे पाइपमध्ये बसवलेली कॉइल, सर्वांत स्वस्त आणि बसवायला सोपा. पण एका युनिटला एकच युनिट उष्णता. हिशेबासाठी युनिटला १४ रुपये धरले (मोठ्या वापराच्या स्लॅबमध्ये सगळे आकार धरून दर सहज तिथवर जातो), तर आपले २८० युनिट म्हणजे जवळपास ३,९०० रुपये, आणि तेही एकदा तापवण्याचे. १२ किलोवॅटचा हीटर लावला तर एक अंश चढायला चार तास, आणि तेवढा मंजूर भार घराला असतोच असं नाही. टबासाठी उत्तम, पुलासाठी नाही.

गॅसची ताकद त्याच्या वेगात आहे. सकाळी ठरवलं, संध्याकाळी पाणी तयार. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर हीटरमधून गेला की साधारण २०० युनिट उष्णता पाण्यात पोचते, म्हणजे सहा अंशांसाठी दीड सिलिंडरच्या जवळपास. स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर यासाठी वापरणं नियमात बसत नाही, हे सांगावं लागतं कारण वापरणारे भेटतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट जागेची. आपल्याकडे पंप रूम बहुधा जमिनीखाली, पुलाच्या बाजूला खड्ड्यात असते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो; गळला तर वर उडून जात नाही, खड्ड्यात साचतो आणि मोटर सुरू होण्याच्या एका ठिणगीची वाट पाहतो. गॅस हीटर आणि सिलिंडर कायम जमिनीवर, मोकळ्या हवेत. हे जमत नसेल तर गॅसचा विचारच सोडावा.

उन्हाचा मार्ग ऐकायला सर्वांत चांगला. इथे लोक आधी गच्चीवरच्या आंघोळीच्या सोलरकडे पाहतात. दोनशे लिटरचा तो संच दिवसभरात पाणी ६० अंशांवर नेतो, पण ती सगळी उष्णता पुलात ओतली तर पूल एका अंशाच्या पाचव्या हिश्श्याने चढेल. पुलासाठी वेगळी चीज असते: काळ्या रबराच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या चटया, बारीक नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या, वर काच नसलेल्या. पुलाला उकळतं पाणी नको असतं, हवेपेक्षा थोडं गरम असं भरपूर पाणी हवं असतं, आणि ते काम बिनकाचेची चटई स्वस्तात करते. पुलाच्या पृष्ठफळाच्या निम्मी ते पूर्ण एवढी जागा तिला लागते. आपल्या पुलाला २४ चौरस मीटर चटई दक्षिणेकडे तोंड करून लावली, तर स्वच्छ, बिनवाऱ्याच्या दिवशी पन्नास-साठ युनिट उष्णता मिळते. महाबळेश्वरसारख्या गार, वाऱ्याच्या जागी मात्र तीच चटई मिळवलेली उष्णता वाऱ्याला देऊन बसते. नागपूर-चंद्रपूरकडे तिचा उलटा उपयोग होतो: मे महिन्यात पूल इतका तापतो की पोहणं नकोसं होतं, तेव्हा रात्री त्याच चटईतून पाणी फिरवून ते थंड करता येतं.

तरीही आज मला कोणी विचारलं तर मी चटईची जागा विजेच्या सोलर पॅनेलना द्यायला सांगेन आणि पाणी तापवायला हीट पंप घ्यायला सांगेन. तीन किलोवॅटची पॅनेल साधारण पंधरा चौरस मीटरची. त्यातून दिवसाला बारा युनिट वीज मिळते आणि हीट पंप त्या बारांतून साठ युनिट उष्णता काढतो. शिवाय चटई वर्षातले चारच महिने कामाची, तर पॅनेल उरलेले महिने घर चालवतात.

बारातून साठ कसे निघतात हे समजून घेण्यासारखं आहे. हीट पंप म्हणजे उलटा बसवलेला एसी. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात घालतो. मागच्या जाळीतून पंखा हवा ओढतो. तिच्यामागच्या नळ्यांत आर ३२ किंवा आर ४१०ए नावाचा वायू द्रवरूपात असतो. तो इतक्या कमी तापमानाला उकळतो की पंधरा अंशांची हवाही त्याच्यासाठी चूल ठरते. त्याची वाफ झाली की कॉम्प्रेसर ती दाबतो, दाबली की ती तापते, आणि तापलेली वाफ टायटॅनियमच्या नळीतून फिरून आपली उष्णता पुलाच्या पाण्याला देते. वीज खर्च होते ती दाबण्यापुरती. उष्णता हवेतून आली, ती आयती. एका युनिट विजेत किती युनिट उष्णता हलवली, त्या आकड्याला सीओपी म्हणतात.

माहितीपत्रकातला हा आकडा सावधपणे वाचावा. तिथे दहा, बारा, कधी त्याहून जास्त छापलेलं असतं. तो आकडा बहुधा २७ अंशांची दमट हवा, २६ अंशांचं पाणी आणि यंत्र सर्वांत मंद गतीवर, अशा स्थितीतला. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा: १५ अंश हवेला, पूर्ण ताकदीवर किती? उत्तर साडेचार-पाचच्या आसपास आलं तर यंत्र चांगलं. उत्तर आलंच नाही तर दुसरा विक्रेता पाहायचा. युरोपात हा प्रश्न फार बोचतो, कारण तिथला हिवाळा गोठवणारा. आपल्याकडे थंडी पहाटेची असते. सकाळी दहानंतर हवा पंचविशीकडे सरकते. म्हणून हीट पंप टायमरवर दहा ते सहा चालवायचा आणि रात्री झाकण टाकून झोपायचं. रात्रभर यंत्र चालू ठेवणारे लोक त्याच उष्णतेसाठी जास्त युनिट भरतात, आणि शेजाऱ्यांची झोपमोड करतात ती वेगळी.

आता कुठे पहिल्या फोनमधल्या प्रश्नाला उत्तर देता येतं. किती किलोवॅटचा? आपल्या पुलाला, झाकण असेल तर, जानेवारीत दिवसाला पन्नास-सत्तर युनिट लागतील असं धरू. १४ किलोवॅटचं यंत्र आठ तासांत ११२ युनिट देतं. म्हणजे रोजची तूट भरून निघते आणि वर चढायलाही वाव राहतो. याला वीज लागते तीन किलोवॅटच्या आत. झाकण नसेल तर हेच गणित कोलमडतं: यंत्र दिवसभर राबतं आणि रात्रभरात कमाई उडते. तेव्हा दुप्पट यंत्र घ्यायचं की झाकण, हे मालकाने ठरवावं. काही विक्रेते ताकद बीटीयूमध्ये सांगतात, काही एसीसारखी टनात. ५०,००० बीटीयू म्हणजे साडेचौदा किलोवॅट, आणि एक टन म्हणजे साडेतीन. कोटेशनांची तुलना करताना सगळं एकाच मापात आणून घ्यावं. यंत्राची किलोवॅट ताकद उष्णतेची लिहिली आहे की विजेची, हेही पाहावं.

शनिवार-रविवारपुरत्या वापरात ‘आठवडाभर पाणी गरम ठेवलं तर स्वस्त पडतं’ असा एक समज आहे. तसं नसतं. पाणी जेवढं गार, तेवढी त्याची गळती कमी. सोमवार ते बुधवार पूल उतरू दिला तर एकूण वीज कमीच लागते. फक्त वेळेचं भान हवं. पाच अंश चढवायला २३० युनिट, म्हणजे १४ किलोवॅटच्या यंत्राला सोळा-सतरा तास, वर गळतीचे काही. गुरुवारी सकाळी दहाला, टायमरशिवाय, सुरू केलं तर शनिवारी सकाळी मुलं उतरतील. शुक्रवारी संध्याकाळी पोचून बटण दाबणाऱ्याला हीट पंप निराशच करणार.

बसवण्याच्या कामात निम्म्या तक्रारी जागेतून येतात. पंप रूममध्ये जागा रिकामी दिसते म्हणून यंत्र आत ठेवलं जातं. ते खोलीतल्या हवेतून उष्णता काढतं, गार हवा त्याच खोलीत सोडतं, पुन्हा तीच गार हवा ओढतं, आणि थोड्याच वेळात खोलीचं शीतगृह होऊन यंत्र एरर दाखवून बंद पडतं. त्याला मोकळी जागा हवी. मागे भिंतीपासून अर्धा मीटर, पुढे पंख्यासमोर दोन-अडीच मीटर काही नको. पंख्याचं तोंड बसायच्या जागेकडे ठेवू नये. बाहेर येते ती गार हवा, आणि पाण्यातून ओलेत्याने निघालेल्या माणसाच्या पाठीवर ती आली की कोमट पाण्याचं सगळं सुख संपतं. खाली काँक्रीटचा सहा इंच ओटा, पायांना रबर. अलिबाग-गुहागरकडे खाऱ्या हवेत पत्र्याची बॉडी लवकर कुजते. तिथे प्लॅस्टिकची बॉडी आणि लेप दिलेल्या जाळ्या घ्याव्यात.

पाइपातला क्रम ठरलेला आहे: पंप, मग फिल्टर, मग हीटर आणि सर्वांत शेवटी क्लोरीन सोडणारं उपकरण. हीटर आणि क्लोरीन यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पंप बंद असताना क्लोरीनचं तीव्र पाणी मागे सरकून हीटरमध्ये थांबू नये म्हणून तो असतो. स्किमरच्या टोपलीत क्लोरीनच्या गोळ्या टाकून ठेवायची सवय इथे महागात जाते. रात्रभर त्या विरघळतात, टोपलीतलं पाणी आम्लासारखं होतं आणि सकाळी पंप सुरू झाला की पहिला घोट थेट हीटरला मिळतो. टायटॅनियम हे सोसतं. गॅस हीटरमधलं तांबं सोसत नाही, आणि मग पुलाच्या पाण्याला हिरवट झाक येते. हीटरला तीन व्हॉल्व्हचा बायपास ठेवावा, म्हणजे तो दुरुस्तीला काढला तरी पूल चालू राहतो.

पाणी बोअरचं असेल तर आधी तपासून घ्यावं. बादलीला पांढरी पुटं धरणारा क्षार गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे तो सगळी जागा सोडून नेमका हीटरच्या नळीवर बसतो. पुट चढलं की उष्णता पाण्यात पोचत नाही आणि बिल मात्र पोचतं. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवला तर क्षार आणि गंज दोन्ही आटोक्यात राहतात.

विजेचं काम प्लंबरच्या ओळखीच्या वायरमनकडून करून घेऊ नये. परवानाधारक ठेकेदार हवा. पाणी आणि वीज शेजारी आहेत. यंत्र आणि त्याचा स्विच पुलाच्या काठापासून किमान साडेतीन मीटर दूर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (बाजारात अजून ईएलसीबीच म्हणतात), स्वतंत्र अर्थिंग, आणि शिडी, रेलिंग, पंपाची बॉडी असे सगळे धातू एकमेकांना तारेने जोडून अर्थ केलेले. थ्री फेजचं यंत्र असेल तर एक गोष्ट शेतकऱ्यांकडून घ्यावी: सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर. गावाकडच्या लाइनवर एक फेज जाणं नवं नाही. शेतीपंपाची मोटर जळते तसाच कॉम्प्रेसर जळतो, आणि वॉरंटीवाला आधी व्होल्टेजचं विचारतो.

पहिल्या दिवशी दोन फोन हमखास येतात. पहिला: ‘‘यंत्राखालून पाणी गळतंय.’’ जाळीवर हवेतली वाफ थंड होऊन जमते आणि थेंब थेंब खाली पडते. दमट दिवशी बादली भरेल इतकी. खात्री करायची तर कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंप चालू ठेवावा. तासाभरात गळणं थांबलं तर ते हवेतलं पाणी, नाही थांबलं तर पुलाचं. ओट्याच्या बाजूला छोटा पन्हाळ काढून ठेवला की हा फोन येत नाही.

दुसरा फोन: ‘‘इनलेटला हात लावला, पाणी गरमच येत नाहीये.’’ येणार नाहीच. ताशी सहा घनमीटर पाणी १४ किलोवॅटच्या यंत्रातून गेलं तर ते दोनच अंश तापून बाहेर पडतं, आणि बावीसचं चोवीस झालेलं हाताला कळत नाही. बायपासचा व्हॉल्व्ह सरकवून हा फरक एक ते दोन अंशांत ठेवायचा असतो. नळातून कढत पाणी यावं म्हणून प्रवाह कमी करणारे उत्साही लोक फ्लो स्विच पाडतात आणि यंत्र बंद पडतं. पाण्याचं तापमान पाहायचं ते पुलात, थर्मामीटर लावून, चोवीस तासांनी.

जूनमध्ये हे सगळं बंद करायचं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात पूल तापवणं म्हणजे ढग तापवणं. यंत्रातलं पाणी काढून टाकावं, एमसीबी पाडावी आणि कंट्रोल बॉक्समध्ये जाणाऱ्या वायरींची भोकं सिलिकॉनने बुजवावीत. पावसाळ्यात पाली आणि मुंग्या उबेला त्या डब्यात शिरतात, कॉन्टॅक्टरमध्ये चिरडतात, आणि नोव्हेंबरात यंत्र सुरू होत नाही तेव्हा दुरुस्तीवाला झाकण उघडून पहिल्यांदा तिथेच पाहतो.